आधीच घेतलेला ताण : प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटची गोष्ट



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, आणि बोलणार कशावर, तर काँक्रीटवर! पण संबंध आहे, आणि सरळ आहे. ज्ञानाच्या इतिहासात एक कोडं वारंवार भेटतं. एखादी कल्पना अगदी बरोबर असते, ती सुचलेली असते, तिचं पेटंटही निघालेलं असतं, आणि तरीही ती चाळीस वर्षं चालत नाही. मग एक माणूस तीच कल्पना घेतो आणि ती चालू लागते. मधल्या काळात नेमकं काय बदललं? प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत पूर्वप्रतिबलित काँक्रीट, हे या कोड्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे.

दुसरं कारण व्यावहारिक आहे. तुम्ही ज्या पुलावरून रोज जाता, ज्या मेट्रोच्या उन्नत मार्गाखाली सिग्नलला थांबता, ज्या रेल्वेरुळांखाली काँक्रीटचे स्लीपर दिसतात, त्या सगळ्यांत हेच तंत्र आहे. त्यांच्या पोटात ताणलेलं पोलाद आहे आणि ते आपल्याला दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा असेल, तर ती समजून घेतलेली बरी.

काँक्रीटचा स्वभाव

सुरुवात काँक्रीटच्या स्वभावापासून करू. काँक्रीट दाब उत्तम सोसतं. ताण मात्र त्याला सोसत नाही. ढोबळ मानाने ते जितका दाब घेऊ शकतं, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच ताण घेऊ शकतं. आता एक तुळई डोळ्यांसमोर आणा. दोन टोकांना आधार आहे आणि वरून भार येतो. तुळई किंचित वाकते. वाकली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. वरचा भाग मजेत असतो, खालचा तडकतो.

यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडलेला उपाय म्हणजे आरसीसी. खालच्या भागात पोलादी सळया घालायच्या आणि ताण त्यांच्यावर सोपवायचा. उपाय चांगला आहे, आपली घरं त्यावर उभी आहेत. पण यात एक तडजोड आहे. सळई काम सुरू करते ती भार आल्यानंतर, ताणली गेल्यानंतर. आणि ती ताणली जाते तेव्हा तिच्या भोवतीचं काँक्रीट आधीच केसासारख्या बारीक भेगा देऊन मोकळं झालेलं असतं. म्हणजे आरसीसीच्या तुळईत खालचं निम्मं काँक्रीट ताणाच्या कामाचं उरत नाही. ते सळईला झाकतं, जागेवर धरतं, आणि स्वतःचं वजन मात्र पुरेपूर टाकतं. छोट्या गाळ्याला हे परवडतं. गाळा मोठा झाला की तुळईची निम्मी ताकद स्वतःचंच ओझं वाहण्यात जाते.

मग प्रश्न असा पडतो, की भार येण्याआधीच खालच्या भागाला दाबून ठेवलं तर? भार येईल तेव्हा तो जो ताण आणेल, त्याने आधीचा दाब फक्त कमी होईल. ताणापर्यंत मजल जाणारच नाही, आणि भेगही पडणार नाही. प्रीस्ट्रेस म्हणजे एवढंच. पुढे येणाऱ्या प्रतिबलाच्या उलट दिशेचं प्रतिबल आधीच, जाणूनबुजून आणि मोजून देऊन ठेवणं.

हे ऐकायला नवं वाटलं, तरी आपल्या लोहारांना ते ठाऊक होतं. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना तुमच्यापैकी ज्येष्ठांनी पाहिलं असेल. लोखंडी धाव चाकापेक्षा जरा लहान घडवतात. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवली की फुगते. मग लाकडी चाकावर चढवून तिच्यावर पाणी ओततात. धाव आकसते आणि परिघाचे तुकडे, आरे, तुंबा यांना चहूबाजूंनी आवळून धरते. चाक अजून रस्त्याला लागलेलंही नसतं, पण ते दाबात असतं आणि धाव ताणात असते. खड्ड्यात आदळलं तरी सांधे उघडत नाहीत, कारण उघडण्याआधी तो साठवलेला दाब संपावा लागतो. तबल्याची वादी हीसुद्धा याच कुळातली. आधी ताण भरलेला असतो, म्हणून थाप पडली की नाद निघतो.

चाळीस वर्षं अडलेली कल्पना

आता कोड्याकडे येऊ. १८८६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक्सन नावाच्या अभियंत्याने कृत्रिम दगडाच्या ठोकळ्यांतून आणि काँक्रीटच्या कमानींतून पोलादी दांडे ओवून, ते आवळून जमिनी बांधण्याची पद्धत मांडली. १८८८ मध्ये बर्लिनच्या ड्योरिंगने आधी तारा ताणून मग त्यांच्याभोवती काँक्रीट ओतण्याचं पेटंट घेतलं. बघा, या तंत्राचे दोन मुख्य प्रकार त्या दोन वर्षांतच जन्माला आले होते. पण हाती काही लागलं नाही. बांधलेल्या वस्तू सुरुवातीला ठीक वाटत. काही काळाने आत भरलेला दाब नाहीसा होई आणि उरे ते साधं काँक्रीट.

दाब जात कुठे होता? याचं उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. आकडे गोल धरतो.

त्या काळचं साधं पोलाद ताणून ताणून किती ताणणार? धरा, दर चौरस मिलिमीटरला १२० न्यूटन. इतक्या ताणाने ते दर मीटरला ०.६ मिलिमीटर लांबतं. म्हणजे १० मीटरच्या तुळईत सळई फक्त ६ मिलिमीटर लांबवलेली असते. पुढे काँक्रीट काय करतं? वाळताना आकसतं. शिवाय सतत दाबाखाली ठेवलं की वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातं. या दोन्हींमुळे त्याची लांबी दर मीटरला सुमारे ०.८ मिलिमीटर कमी होऊ शकते, म्हणजे १० मीटरला ८ मिलिमीटर. सळई ६ मिलिमीटर ताणलेली, आणि तुळईच ८ मिलिमीटर आखूड झाली! सळई सैल पडणारच.

आता तीच तुळई घ्या, पण सळईऐवजी उच्च ताणबळाची तार वापरा, जी दर चौरस मिलिमीटरला १००० न्यूटन ताण सहज पेलते. ती दर मीटरला ५ मिलिमीटर लांबते, १० मीटरला ५० मिलिमीटर. काँक्रीट पुन्हा ८ मिलिमीटरने आखूड झालं, तरी ४२ मिलिमीटर लांबी शाबूत राहते. शंभरातले सोळा गेले, चौऱ्याऐंशी उरले. जमाखर्च जमला.

म्हणजे कल्पना चूक नव्हती आणि मेहनतही कमी नव्हती. कमतरता होती ती काळाच्या हिशेबाची. काँक्रीट एकदा घट्ट झालं की दगड झालं, असा समज होता. भाराखाली ते वर्षानुवर्षं चालत राहतं, ही गोष्ट कुणाच्या गणितात नव्हती. ती गणितात यायला एक पूल खचावा लागला.

ल व्हर्द्रची कमान

यूजेन फ्रेसिने. जन्म १८७९, फ्रान्समधल्या ओब्जा या गावी. पॅरिसच्या नामांकित अभियांत्रिकी शाळांतून शिकून ते मुलँ इथे सरकारी अभियंता म्हणून रुजू झाले. आल्ये नदीवर ल व्हर्द्र इथे त्यांनी एक पूल बांधला. प्रत्येकी सुमारे ७२ मीटर गाळ्याच्या तीन कमानी, आणि त्याही अतिशय चपट्या, म्हणजे लांबीच्या मानाने उंची फार कमी. तशी कमान काटकसरीची आणि देखणी असते, पण जरा दबली तर तिला सावरायला वाव नसतो.

पुलाआधी फ्रेसिनेंनी ५० मीटरची एक चाचणी कमान बांधली होती. तिचे दोन पाय फाकू नयेत म्हणून ते ताणलेल्या तारांनी एकमेकांना बांधले होते. आणखी एक युक्ती त्यांनी केली. कमान ओतल्यावर खालचं सेंटरिंग काढताना लोक पाचरी सैल करत. यांनी कमानीच्या माथ्याशी जॅक बसवले, दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकललं, आणि कमान स्वतःच सेंटरिंगवरून उचलली गेली. काँक्रीटमध्ये बाहेरून, मोजून बळ भरता येतं, याचा हा धडा होता.

पूल १९११ च्या सुमारास झाला. चाचणी उत्तम झाली, सगळे खूश. काही महिन्यांनी फ्रेसिनेंच्या लक्षात आलं की कठड्याची रेघ सरळ राहिलेली नाही. कमानींचे माथे खाली येत होते, आणि खाली येण्याचा वेग मंदावत नव्हता. उतार तेरा सेंटिमीटरांच्या आसपास गेला. त्यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की एका रात्री ते सायकलवर टांग टाकून पुलाकडे गेले, मुकादमाला आणि तिघा भरवशाच्या कामगारांना उठवलं, आणि त्या पाच जणांनी माथ्याशी पुन्हा जॅक लावून कमानी वर उचलल्या. फट काँक्रीटने भरून टाकली. पूल वाचला. तो पुढे उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत, आणि युद्धातच नष्ट झाला.

त्या काळची अधिकृत समजूत अशी होती, की दाब आणि विकृती यांचं काँक्रीटमधलं प्रमाण स्थिर असतं. भार तेवढाच, तर दबणंही तेवढंच. नियम असा सांगत होता आणि कठडा वेगळं सांगत होता. फ्रेसिनेंनी कठड्यावर विश्वास ठेवला. आमच्या शास्त्रात प्रत्यक्ष आणि शब्द या दोन प्रमाणांचा वाद फार जुना आहे. ग्रंथात एक लिहिलं आहे, डोळ्यांना दुसरं दिसतं, काय करायचं? बहुतेक लोक डोळे पुसतात आणि ग्रंथ पुन्हा वाचतात. या माणसाने मोजपट्टी काढली.

पुढे ब्रेस्तजवळचा प्लूगास्तेलचा पूल त्यांनी बांधला. सुमारे १८० मीटरच्या तीन कमानी, १९३० मध्ये पूर्ण. त्या कामाच्या काळात काँक्रीटच्या या संथ दबण्याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. याला इंग्रजीतून आलेला शब्द क्रीप, मराठी परिभाषेत विसर्पण. त्यांच्या लक्षात आलं की विसर्पणाला मर्यादा आहे. चांगलं, घट्ट काँक्रीट घेतलं आणि पोलाद पुरेसं ताणलं, तर नुकसान होऊनही दाब उरतो. मघाशी केलेला ५० आणि ८ मिलिमीटरचा हिशेब हाच. २ ऑक्टोबर १९२८ रोजी झाँ सेयेल यांच्यासोबत त्यांनी पेटंट घेतलं. कोडं सुटलं होतं.

पण जगाला ते सुटलेलं दिसायला आणखी वेळ लागला. पन्नाशीच्या घरातल्या या माणसाने स्वतःचा पैसा घालून विजेचे पोकळ खांब बनवायचा कारखाना काढला. माल उत्तम होता, पण मंदी आली, गिऱ्हाईक नाही, पैसा बुडाला. मग १९३४ च्या सुमारास ल हाव्र बंदरातलं नवं सागरी स्थानक चिखलात खचू लागलं. नेहमीचे उपाय थकले, तेव्हा त्यांना बोलावणं आलं. त्यांनी पायाचे सुटे भाग ताणलेल्या पोलादाने एकजीव केले, त्यांचाच आधार घेऊन खोलवर खांब दाबत नेले, आणि इमारत थांबली. तिथून लोक ऐकू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पूल पडलेले आणि पोलादाची टंचाई, अशा काळात थोड्या पोलादात मोठं काम करणारं हे तंत्र झपाट्याने पसरलं. मार्न नदीवरचा ल्युझांसीचा ५५ मीटरचा पूल १९४६ मध्ये झाला. त्याचे भाग आधी ओतून, केबलींनी जोडून, नदीत सेंटरिंग न उभारता तो बसवला होता. बेल्जियममधल्या गेंटचे प्राध्यापक गुस्ताव मान्येल यांनी हा विषय शिकवण्याजोगा केला. फिलाडेल्फियाच्या वॉलनट लेन पुलाची रचना त्यांची. १६० फुटांचा तो गर्डर १९४९ मध्ये अभियंत्यांच्या गर्दीसमोर मोडेपर्यंत भार देऊन तपासला गेला. अमेरिकेची खात्री पटली ती तिथे. भारतीय मानक संस्थेने प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटची स्वतंत्र संहिता, आयएस १३४३, पहिल्यांदा काढली १९६० मध्ये.

प्रकार : विश्वास कशावर ठेवायचा?

आता प्रकार पाहू. पुस्तकात यांची लांब यादी असते. मी एकाच प्रश्नाभोवती ती गुंफतो. पोलादातला ताण काँक्रीटपर्यंत पोहोचवतं कोण?

पहिला प्रकार, प्री-टेन्शनिंग, पूर्वताणण. कारखान्यात लांबलचक ओटा असतो, त्याच्या दोन टोकांना भक्कम खांब. त्यांच्यामध्ये तारा ताणायच्या, भोवती साचे लावून काँक्रीट ओतायचं, ते पुरेसं घट्ट झालं की तारा टोकांशी सोडायच्या. तार मागे आकसू पाहते, पण काँक्रीटने तिला घट्ट धरलेलं असतं. मग ती आकसताना काँक्रीटलाच दाबते. इथे विश्वास आहे तो दोघांच्या चिकटण्यावर. यात एक गमतीची गोष्ट घडते. ताणलेली तार किंचित बारीक झालेली असते. सोडली की टोकाशी ती पुन्हा जाड होते आणि पाचरीसारखी अडकून बसते. जर्मनीच्या होयर यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. एका लांब ओट्यावर एका रांगेत अनेक नग निघतात. म्हणून रेल्वेचे स्लीपर, विजेचे खांब, छोटे गर्डर याच पद्धतीने होतात.

दुसरा, पोस्ट-टेन्शनिंग, पश्चताणण. इथे आधी काँक्रीट ओततात, पण आत नळ्या ठेवतात. काँक्रीट घट्ट झालं की नळीतून केबल ओवायची, जॅकने ताणायची, आणि टोकाशी पाचरी ठोकून अडकवायची. त्या टोकाच्या जोडणीला अँकरेज म्हणतात. फ्रेसिनेंनी १९३९ मध्ये काढलेला शंकूच्या आकाराचा अँकरेज फार गाजला. इथे विश्वास टोकांवर असतो. या पद्धतीत केबल वळणदार नेता येते आणि काम जागेवर होतं, म्हणून मोठे पूल असेच बांधतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आधी ओतलेले मोठमोठे खंड एकमेकांशी असेच केबलींनी आवळले आहेत. ताणून झाल्यावर नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरतात, त्याला ग्राउट म्हणतात. ते केबलला काँक्रीटशी जोडतं आणि गंजापासून जपतं. ग्राउट न भरता केबल ग्रीसमध्ये मोकळी ठेवली, तर तो न चिकटलेला उपप्रकार.

तिसरा भेद जागेचा. केबल काँक्रीटच्या पोटात, की बाहेर? जर्मनीच्या फ्रान्झ डिशिंगर यांनी १९३६ च्या आऊए इथल्या पुलात ताणाच्या सळया काँक्रीटच्या बाहेर ठेवल्या. पुढे ताण कमी झाला तर पुन्हा ताणता येतील, हा विचार. आणि त्या पुढे खरोखरच पुन्हा ताणाव्या लागल्या. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

चौथा भेद मात्रेचा. फ्रेसिनेंचं म्हणणं होतं की भेग मुळीच पडता कामा नये, प्रीस्ट्रेस द्यायचं तर पूर्ण द्या. पॉल आबेलेस यांच्यासारख्यांनी उलट बाजू मांडली. क्वचित येणाऱ्या भाराला बारीक भेग पडली आणि भार गेल्यावर मिटली, तर बिघडलं काय? यातून अंशतः प्रीस्ट्रेसचा विचार आला, आणि आजच्या संहितांनी त्याला जागा दिली आहे.

एकाच गोष्टीकडे पाहण्याच्या तीन रीती

मूलभूत संकल्पना तीन सांगतात. या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. वस्तू एकच, पाहणाऱ्याची जागा तीन.

पहिली रीत म्हणते, काँक्रीटचा स्वभावच बदलला. तडकणारा पदार्थ आता लवचिक झाला. एक उदाहरण घेऊ. आयताकृती तुळई आहे. भारामुळे तिच्या तळाला ८ न्यूटनचा ताण येतो, माथ्याला ८ चा दाब. अगदी मध्यातून केबल घातली, तर तळाचा ताण मारायला सगळ्या छेदावर ८ चा दाब द्यावा लागेल. तळ शून्यावर येईल, पण माथ्यावर १६ होतील. आता केबल मध्यापासून तुळईच्या उंचीच्या एक-षष्ठांश खाली सरकवा. फक्त निम्म्या बळात तळाला ८ चा दाब मिळतो आणि माथ्याला शून्य. भार आल्यावर तळ शून्य, माथा ८. बळ निम्मं, माथ्यावरचा दाबही निम्मा. केबल कुठे ठेवता याला इतकं महत्त्व आहे.

दुसरी रीत म्हणते, ही आरसीसीच आहे, फक्त पोलाद आधीच कामाला लागलेलं. काँक्रीट दाब घेतं, पोलाद ताण घेतं, दोघांची जोडी भार पेलते. तुळई शेवटी मोडेल ती किती भाराला, हे या रीतीने नीट कळतं.

तिसरी रीत टी. वाय. लिन यांनी १९६३ मध्ये ठळकपणे मांडली, भार तोलण्याची. झोळीसारख्या झोकात नेलेली केबल ताणली की ती सरळ व्हायला बघते, आणि तसं करताना तुळईला खालून वर ढकलते. हे ढकलणं वरच्या कायम भाराइतकं ठेवलं, तर तुळईला तो भार जणू जाणवतच नाही. ती वर उचललीही जात नाही आणि खाली वाकतही नाही.

विद्यार्थी विचारतात, यातली खरी कोणती? तिन्ही खऱ्या. भेग पडेल का हा प्रश्न असेल तर पहिली, मोडेल कधी हा असेल तर दुसरी, वाकेल किती हा असेल तर तिसरी वापरा.

दुसरा हिशेब

इथवर ही विजयाची गोष्ट वाटते. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला मुख्यतः जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

पॅसिफिक महासागरात पलाऊ नावाचा छोटा देश आहे. तिथे १९७७ मध्ये कोरोर आणि बाबेलदाओब या दोन बेटांमध्ये २४१ मीटर गाळ्याचा प्रीस्ट्रेस्ड पूल झाला, त्या काळी आपल्या प्रकारात जगात सर्वांत लांब. दोन्हीकडून आलेले बाहू मध्यावर बिजागरीने जोडलेले. तो मध्यावर खचू लागला. अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे, सव्वा मीटरहून जास्त. १९९६ मध्ये बिजागरी काढून, जॅक लावून, नव्या केबली ताणून दुरुस्ती केली. ल व्हर्द्रचीच आठवण यावी अशी. तीन महिन्यांतच, २६ सप्टेंबर १९९६ रोजी, तो कोसळला. दोन माणसं गेली. कारणांवर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पण झ्डेनेक बाझांत यांनी त्या पुलाचा आणि इतर अनेक पुलांचा अभ्यास करून दाखवलं, की विसर्पणाची प्रचलित सूत्रं दीर्घकाळाचं दबणं कमी मोजत होती. फ्रेसिनेंनी काळाला हिशेबात घेतलं होतं. आपण पुढे सूत्र पाठ केलं आणि कठड्याकडे बघायचं सोडलं.

काळ आणखी एका वाटेने येतो, ती वाट गंजाची. वेल्समधला इनिस-इ-ग्वास हा १९५३ चा छोटा पूल. खंड जोडून केबलींनी आवळलेला. ४ डिसेंबर १९८५ रोजी तो पडला. त्यावर ना मोठा भार होता, ना आधी काही लक्षण दिसलं होतं. खंडांच्या सांध्यांतून मीठ मिसळलेलं पाणी केबलींपर्यंत पोहोचलं होतं. अशा घटनांनंतर ब्रिटनने १९९२ मध्ये ग्राउट भरलेल्या नव्या पश्चताणित पुलांवर बंदीच घातली, ती १९९६ मध्ये, नियम कडक करून, उठवली. जिनोव्हाचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला, ४३ जणांचे प्राण गेले. तिथेही पुलाला वरून धरणाऱ्या केबली काँक्रीटच्या आवरणात होत्या, आणि आत गंज चालला होता.

आणि दूर कशाला जायचं? पणजीला मांडवी नदीवरचा १९७० च्या सुमाराचा पूल ५ जुलै १९८६ रोजी पडला. सोळा वर्षांचं वय! त्यानंतर कित्येक वर्षं लोक फेरीबोटीच्या रांगांत उभे राहिले. ताणाच्या पोलादाला खाऱ्या हवेत लागलेला गंज हे त्याचं कारण अभियांत्रिकीच्या वर्तुळात मांडलं जातं. मानखुर्द आणि वाशीला जोडणारा ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा. त्याच्याही केबलींना गंजाने गाठलं. तो जपण्यासाठी बाहेरून नव्या केबली लावून ताणाव्या लागल्या. डिशिंगर यांचं नाव लक्षात ठेवा म्हणालो होतो, ते यासाठी. जे बाहेर आहे ते दिसतं, तपासता येतं, पुन्हा ताणता येतं.

इथे आरसीसी आणि प्रीस्ट्रेस यांच्यातला एक फरक नीट समजून घ्या. आरसीसी आजारी पडली की बोलते. सळई गंजून फुगते, गिलावा सुटतो, भेग दिसते, तांबूस डाग येतो. आपण म्हणतो, अरे, बघायला हवं. प्रीस्ट्रेस्ड तुळई तशी सहसा बोलत नाही. तिचा गुणच हा, की तिला भेग पडत नाही. पातळ तारा, प्रत्येकीवर प्रचंड ताण. नळीत ग्राउट भरताना पोकळी राहिली, तिथे पाणी साचलं, तर एकेक तार तुटत जाते आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो. जितकं उत्तम बांधकाम, तितका तो आजार झाकलेला. पहिला हिशेब, आकसण्याचा आणि विसर्पणाचा, कागदावर करता आला. हा दुसरा हिशेब कागदावर होत नाही. तो करायचा तर कुणीतरी पावसाळ्याआधी पुलाखाली उतरावं लागतं, पाणी जाण्याची भोकं मोकळी करावी लागतात, सांध्यांत हात घालावा लागतो, वाकणं दरवर्षी मोजून मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहावं लागतं.

आणि हे काम अभियंत्यांच्या बुद्धीवर अडत नाही. ते आपल्या इच्छेवर अडतं. नवा पूल म्हटला की निधी असतो, नारळ असतो, कोनशिला असते. जुन्या पुलाची नळी तपासायला कुणी फीत कापत नाही. देखभालीचं अंदाजपत्रक कापलं तर त्या वर्षी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते वीस वर्षांनी, आणि तेव्हा ते कापणारा माणूस खुर्चीवर नसतो.

म्हणून शेवटी एवढंच. या तंत्राच्या पहिल्या लोकांकडे कल्पना होती, पण काळाचा हिशेब नव्हता, म्हणून त्यांचं काम सैल पडलं. फ्रेसिनेंनी तो हिशेब केला, आणि तो त्यांना जमला याचं कारण पूल बांधून झाल्यावरही ते पुलाकडे बघत राहिले. पूल पुरा झाला, चाचणी झाली, शाबासकी मिळाली, आणि तरी ते कठड्याची रेघ पाहायला जात होते. आपल्या गावातल्या, शहरातल्या पुलाच्या पाटीवर उद्घाटनाची तारीख असते. तो शेवटचा कधी तपासला, ती तारीख त्याच पाटीवर लिहा, अशी मागणी आपण नागरिक म्हणून करू शकतो. खर्च पाटी रंगवण्याएवढाच आहे. जिथे लिहायला तारीखच सापडणार नाही, तिथे पहिलं काम काय आहे ते आपोआप कळेल.

 आता प्रश्न घेऊ.